सीएसआरचा लॅपटॉप हवा तर आधी ५५१ रुपये भरा म्हणे!

घणसोलीला राहणाऱ्या आमच्या वहिनींच्या बचत गटात सध्या सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचा, एक मेसेज फिरतोय आणि त्याखाली ‘ताई, माझं पण नाव घ्या’ची रांग लागली आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘महापे-ऐरोलीतल्या टेक कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के स्थानिक रहिवाशांना देणं कायद्याने बंधनकारक आहे. डेटा सेंटर आपली वीज आणि पाणी ओढतात, त्याची ही हक्काची भरपाई. प्रत्येक कुटुंबाला लॅपटॉप किंवा शिलाई मशीन. ३१ मार्चपूर्वी नोंदणी करा, नाहीतर निधी परत जाईल. कंपन्यांचं काही जात नाही, सगळं टॅक्समधून सुटतं. जुने मोबाईल घेतात तीही सीएसआरच. नोंदणी शुल्क ५५१ रुपये, सोबत आधार आणि पासबुकची झेरॉक्स.’

आधी ते ५५१ रुपये. वहिनींनी मला फॉर्म दाखवला. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला, वर एका मोठ्या कंपनीचा लोगो ओढून रुंद केलेला, खाली ‘सी.एस.आर. विभाग, नवी मुंबई’ असा गोल शिक्का. क्यूआर कोड स्कॅन केला तर कंपनीचं नाव येत नाही, कुठल्यातरी माणसाचं नाव येतं! इथेच विषय संपायला हवा होता. सीएसआर म्हणजे कंपनीने स्वतःच्या नफ्यातून करायचा खर्च. लाभार्थ्याकडून शुल्क घेऊन कंपनी कसला खर्च करणार? शिलाई मशीनं वाटली जातात, ते खोटं नाही. पण ती कंपनी स्वतः तरी वाटते, नाहीतर तिने नेमलेली संस्था वाटते. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि तिला नोंदणी क्रमांक मिळतो. फॉर्म वाटणाऱ्या ताईंना तो क्रमांक विचारा. वहिनींनी विचारला, तर ‘वरून येईल’ असं उत्तर मिळालं.

हा खेळ नवा नाही. २०२५ च्या सुरुवातीला केरळात असंच प्रकरण उघडकीस आलं. बायकांना अर्ध्या किमतीत स्कूटर, उरलेले पैसे म्हणे कंपन्या सीएसआरमधून भरणार. अनेकींनी पैसे भरले. त्यांना ना गाडी मिळाली, ना पैसे. तिथेही माणसं जोडायला ओळखीच्याच बायका आणि स्थानिक संस्था वापरल्या होत्या. म्हणून ‘आपल्याच गटातल्या ताईंनी पाठवलंय’ हा पुरावा होत नाही. आणि आधार-पासबुकच्या झेरॉक्स एकदा हातातून गेल्या की त्या कुठे वापरल्या जातील, हे त्या ताईंनाही सांगता येणार नाही.

आता दोन टक्क्यांचं. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागतं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक गाठलं असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के खर्च करायचे. परिसराला प्राधान्य द्या, असंही कलमात लिहिलंय. पण ऑगस्ट २०२१ मध्ये मंत्रालयानेच खुलासा केला की हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही. महापेत ऑफिस असलेल्या कंपनीने गडचिरोलीत शाळा बांधली तरी कायदा मोडत नाही. मला हे पटत नाही, पण कायदा तसा आहे. आणि ‘प्रत्येक कुटुंबाला’ तर कलमात कुठेच नाही.

भरपाईचा मुद्दा मात्र लोकांना पटतो, कारण राग खरा आहे. डेटा सेंटरमध्ये चोवीस तास सर्व्हर आणि ते थंड ठेवणारी यंत्रणा चालते, वीज लागणारच. पण सीएसआर ही भरपाई नव्हे. २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की दुसऱ्या कायद्याने जे करणं भागच आहे, ते सीएसआरमध्ये मोजता येत नाही. जनरेटरचा धूर, सांडपाणी यांच्या अटी पाळणं ही कंपनीची वेगळी जबाबदारी आहे. ती चुकली तर तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते, आणि खाडीकाठी रोपं लावून ती मिटत नाही. शिलाई मशीन घेऊन तर त्याहून नाही.

‘३१ मार्चला निधी परत जातो’: कुठे? पैसे कंपनीचे आहेत, सरकारी अनुदान नव्हे. आर्थिक वर्ष संपल्यावर चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्च करायचे. बाकीचे उरले तर सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या निधीत भरायचे. तुमच्या नोंदणीशी याचा संबंध नाही.

‘टॅक्समधून सुटतं’: सीएसआर हा धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येत नाही, २०१४ मध्येच कायद्यात तशी दुरुस्ती झाली. काही देणग्यांवर करसवलत मिळते, एवढंच.

‘जुने मोबाईल घेतात’: फोन आणि लॅपटॉप बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपन्यांवर ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची सक्ती आहे, ई-कचरा नियम २०२२ नुसार, १ एप्रिल २०२३ पासून. त्यात उपकार कसले?

ज्यांनी ५५१ रुपये आधीच भरलेत, त्यांनी लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि बँकेलाही आजच कळवा.