संशोधकाचं दुसरं काम म्हणजे भाराभर चिंध्या नव्हेत

गेले काही दिवस बागायतदारांच्या आणि आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खरा शास्त्रज्ञ एकच विषय धरतो, डार्विनने वीस वर्षं एकाच विचाराला दिली. आपले संशोधक मात्र एक प्रकल्प चालू असताना दुसऱ्यात हात घालतात, संशोधन सोडून नोंदी करत बसतात, आणि दुसरं काम पहिल्याचा वेळ खातं. नवख्यांनी तर दुसरं काही हातात घेऊच नये. शेवटी म्हण: एक ना धड, भाराभर चिंध्या.

मी रत्नागिरी जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळ-पठारांवरच्या, पावसाळी वनस्पतींवर काम करते. माझ्या दोन विद्यार्थिनींनी हा मजकूर पाठवून विचारलं, "मॅडम, मग आपलं चुकतंय का?" त्यांच्यासाठी एकेक मुद्दा घेते.

आधी डार्विन. त्याने उत्क्रांतीचा आपला विचार 1844 मध्येच दीर्घ निबंधात मांडून ठेवला होता. पुस्तक आलं 1859 मध्ये. मधली 1846 ते 1854 ही आठ वर्षं गेली बार्नकलवर. होडी किनाऱ्यावर ओढली की बुडाला चिकटलेली जी खरखरीत कवचं खरवडावी लागतात, तेच हे जीव. दिसायला शिंपल्यासारखे, नात्याने कोळंबीच्या जवळचे. एकाच जातीतल्या जीवांमध्ये किती फरक असतो, हे त्याने तिथे भिंगाखाली पाहिलं, आणि त्याच्या मुख्य विचाराचा पायाच तो फरक आहे. उदाहरण मजकुराने दिलंय, पण ते त्याच्याच विरुद्ध जातं.

दुसरं काम पहिल्याचा वेळ खातं, हा मुद्दा कोकणात तरी पटू नये. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला 'रत्ना' 1981 मध्ये प्रसारित झाला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून काढलेला, पातळ कोयीचा 'सिंधू' 1992 मध्ये आला. संकर कसा होतो ते बघा. मोहोर असतो थोडे आठवडे. तेवढ्यात एकेका फुलावर हाताने पराग ठेवायचे. बहुतेक फुलं गळून जातात. जी फळं टिकतील त्यांच्या कोयी रुजवायच्या, रोप फळावर यायची काही वर्षं वाट पाहायची, आणि मग एका हंगामाची चव पुरत नाही म्हणून आणखी हंगाम मोजायचे. मोहोराच्या त्या आठवड्यांत संशोधकाला दुसरं काही सांगू नये, हे अगदी मान्य. पण एरवी त्याने झाडाकडे बघत बसायचं? त्याच केंद्राने काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जातीही दिल्या. एक झाड वाढत होतं, तोवर दुसरं पाहिलं गेलं. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर आपण कुळीथ पेरतो. कुळथाने भाताची जागा खाल्ली असं कुठल्याच घरात कोणी म्हणत नाही.

'नोंदी ठेवणं हे संशोधन नव्हे' या मुद्द्याचं मला सर्वांत वाईट वाटलं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिली असेल. ती तिथे आली ती मुंबईच्या ट्रामगाड्यांमुळे. नानाभाई मूस 1896 पासून मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचे प्रमुख होते. हवामानाची निरीक्षणं होती, जहाजांना वेळ देण्याचं काम होतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होती. ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर तिथली चुंबकीय मापनं बिघडणार हे उघड होतं. मूस यांनी अलिबागला जागा निवडली, चुंबकीय परिणाम होणार नाही अशा दगडाची इमारत उभी केली, 1904 मध्ये तिथे मोजणी सुरू केली आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे समांतर चालू ठेवली, जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून. इमारत बांधणं आणि रोजचे आकडे उतरवणं या मजकुराच्या हिशेबात संशोधन ठरत नाही. पण 1846 ते 1905 च्या मोजण्यांचं त्यांचं विश्लेषण 1910 मध्ये दोन खंडांत आलं ते याच आकड्यांवर. सप्टेंबर 1859 मध्ये पृथ्वीचं चुंबकत्व हलवणारं मोठं सौरवादळ झालं, तेव्हा कुलाब्यात कोणीतरी नेहमीसारखीच नोंद केली होती. त्या वादळाचा जोर अभ्यासकांनी 2003 मध्ये तिच्यावरून काढला.

मजकुरात एक गोष्ट खरी आहे, आणि ती मी नाकारणार नाही. सगळी दुसरी कामं सारखी नसतात. एका वर्षी ऐन सप्टेंबरात, सडा गेंदाच्या फुलांनी पांढरा आणि सीतेच्या आसवांच्या फुलांनी निळा होतो तेव्हा, मी दोन आठवडे तपासणीच्या फायली लावत बसले. त्या फायली नोव्हेंबरात लावल्या असत्या तरी चाललं असतं. त्या वर्षीची बहराची नोंद गेली ती गेलीच. म्हणून मी तास वाटत बसत नाही, एवढंच विचारते: यातलं काय थांबेल आणि काय थांबणार नाही?

नवख्यांनी दुसरं काम घेऊच नये, हे तर सड्यावर धोक्याचंच आहे. पाऊस लांबला किंवा मध्येच उघडीप पडली की पीएचडीचं एक वर्ष हातचं जातं. माझ्या एका विद्यार्थिनीने हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या नमुन्यांवरच्या तारखा जमवायला घेतल्यात, दुसरी बियांची उगवण तपासतेय. दोन्ही कामं दिवाळीनंतरची. तोवर दोघींनी फक्त सडा बघायचा. पहिला पाऊस झाला की सकाळी सातला कातळावर भेटायचं ठरलंय.