शब्दांची किंमत सात टक्के? पण कोणत्या शब्दांची?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो तीन रंगांचा गोल पुन्हा आला. ५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाज, आणि कडेला चिंचोक्याएवढा ७ टक्क्यांचा तुकडा : शब्द. खाली मजकूर असा : ‘अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगातून सिद्ध केले आहे की संवादात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व असते. तुम्ही काय बोलता यापेक्षा कसे बोलता यावर ९३ टक्के यश ठरते. मुलाखतीला जाण्यापूर्वी हे नक्की वाचा!’

पाठवणारा माझा भाचा. बँकेच्या मुलाखतीची तयारी करतोय आणि त्याच्या क्लासात पहिल्याच दिवशी हा गोल फळ्यावर काढतात म्हणे. रविवारी घरी आला तेव्हा कपाटाच्या आरशासमोर खांदे मागे घेऊन बसायचा सराव चालला होता. मी सहज विचारलं, “रेपो दर म्हणजे काय रे?” त्याने पाठ ताठ केली, मंद हसला, माझ्या नजरेला नजर दिली. उत्तर काही आलं नाही.

मी कॉलेजात संशोधनपद्धती शिकवते. तेव्हा हा मजकूर तुकड्यातुकड्याने घेते.

‘प्रयोगातून सिद्ध केले.’ ‘सिद्ध’ या शब्दाला माझ्या वर्गात गुण कापले जातात, ते असो. मानसशास्त्रज्ञ खरे आहेत : अल्बर्ट मेहराबियन, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले. वर्षही ठाऊक आहे, १९६७. पण प्रयोग एक नव्हता, दोन होते, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पहिला मॉर्टन विनर यांच्यासोबतचा. त्यात नऊ सुटे शब्द ध्वनिमुद्रित केले होते. ‘थँक्स’, ‘डिअर’सारखे तीन गोड, ‘मेबी’, ‘ओह’सारखे तीन कोरे आणि ‘टेरिबल’सारखे तीन कडू. प्रत्येक शब्द प्रेमळ, सपाट आणि तिरसट अशा तिन्ही सुरांत. ऐकणाऱ्यांच्या एका गटाने फक्त शब्दाकडे लक्ष द्यायचं, दुसऱ्याने फक्त सुराकडे, तिसऱ्याने दोन्हींकडे. निष्कर्ष असा की दोन्ही ऐकणाऱ्यांवर सुराची छाप शब्दापेक्षा कितीतरी जास्त पडली. यात चेहरा कुठेच नव्हता.

दुसरा सुसान फेरिस यांच्यासोबतचा. इथे शब्द एकच, ‘मेबी’. तो तीन सुरांत ऐकवायचा आणि सोबत तीन भावांचे चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे. चेहऱ्याचं वजन सुराच्या साधारण दीडपट निघालं. यात शब्द बदललाच नव्हता.

म्हणजे शब्द, सूर आणि चेहरा हे तिघे एका प्रयोगात कधी समोरासमोर आलेच नाहीत. दोन वेगळ्या अभ्यासांतली गुणोत्तरं जोडून एक सूत्र मांडलं गेलं आणि त्यातून ७, ३८, ५५ आले. सूत्र म्हणून ते मांडायला हरकत नाही, संशोधक अशी मांडणी करून बघतात. पण ‘प्रयोगात मोजलं’ आणि ‘दोन प्रयोगांवरून हिशेब केला’ यांत फरक आहे.

यात आणखी एक खोच आहे, आणि ती मुलांना समजवायला मला दरवर्षी एक अख्खा तास लागतो. ‘चल’, म्हणजे प्रयोगात बदलून पाहायचा घटक, मुळात बदलला तरच त्याचा परिणाम दिसतो. समजा, मी नऊ वाट्या आमटी केली. मीठ सगळीकडे चिमूटभर आणि सारखंच, फोडण्या मात्र वेगवेगळ्या : जिऱ्याची, लसणाची, मोहरी-हिंगाची. तुम्ही चव घेऊन गुण दिलेत. गुणांतला फरक अर्थातच फोडणीमुळे पडणार. मग मी जाहीर करायचं का की आमटीत मिठाला काही किंमत नाही? ‘मेबी’ हा शब्द मुद्दाम निवडला होता, कारण तो ना गोड ना कडू. दुसऱ्या प्रयोगात शब्दाचं तोंडच बांधून ठेवलं होतं. पहिल्यातही शब्द सुटे होते. त्याऐवजी ‘तुमचं कर्ज मंजूर झालं’ आणि ‘तुमचं कर्ज नामंजूर झालं’ अशी दोन वाक्यं घेतली असती आणि सूर अगदी थोडा बदलला असता, तर गोलातला चिंचोका पार फुगला असता. तेव्हा टक्केवारीचा हा आकडा म्हणजे माणसाच्या बोलण्याचा काही गुणधर्म नव्हे. प्रयोगात कोणता घटक किती बदलला, यावर तो बेतलेला असतो.

‘संवादात.’ संवाद मोजलाच नव्हता. ऐकणाऱ्यांना एकच विचारलं होतं : बोलणाऱ्या बाईला समोरच्या माणसाबद्दल आपुलकी वाटतेय की नावड, आणि किती? याला आम्ही कार्यात्मक व्याख्या म्हणतो. मोठा, धूसर शब्द प्रयोगापुरता कशाने मोजायचा हे आधी ठरवून घ्यायचं, आणि मग निष्कर्ष तेवढ्यापुरताच बोलायचा. इथे मोजली ती आपुलकी. माहिती पोचली का, युक्तिवाद पटला का, पत्ता कळला का, यातलं काहीच विचारलं नव्हतं. पुढे कुणीतरी ‘आपुलकी’ खोडून तिथे ‘संवाद’ लिहिलं आणि आकडे तसेच राहू दिले.

‘देहबोली.’ फोटोत फक्त चेहरे होते. हात नाहीत, बसणं नाही, चालणं नाही, इस्त्रीचा शर्ट तर नाहीच. भाच्याच्या मागे घेतलेल्या खांद्यांना ५५ पैकी अर्धा टक्काही या प्रयोगातून मिळत नाही.

नमुन्याबद्दल थोडक्यात. फेरिस यांच्याबरोबरच्या प्रयोगात भाग घेणाऱ्या ३७ जणी होत्या, सगळ्या स्त्रिया, विद्यापीठात शिकणाऱ्या. छोटा नमुना म्हणजे वाईट अभ्यास, असं मी म्हणणार नाही. साध्या प्रश्नाला तो पुरतो. पण १९६७ मधल्या ३७ अमेरिकन विद्यार्थिनींवरून बँकेच्या मुलाखतमंडळावर उडी मारायची, तर मधे बरीच दरी आहे.

हे सगळं भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “पण मावशी, अनुभव तर तसाच येतो ना?”

येतो. आणि तो नाकारायचं मला काही कारण नाही. आपल्याकडे ‘मेबी’ला सख्खं भावंड आहे : ‘बघू’. भावाकडे पाच हजार मागितले आणि तो म्हणाला ‘बघू’. हेल वर गेला तर पैसे संध्याकाळपर्यंत येतात. खाली पडला आणि नजर वर्तमानपत्रातून उठली नाही, तर दुसरा दरवाजा शोधायचा. शब्द तोच, कोराच. तिथे सूर आणि चेहराच खरं बोलतात, आणि मेहराबियन यांनी जे दाखवलं ते नेमकं हेच : शब्द एक सांगतो आणि आवाज-चेहरा दुसरं, तेव्हा आपुलकीचा अंदाज बांधताना ऐकणारा शब्दाला बाजूला सारतो. निष्कर्ष चांगला आहे, उपयोगाचाही आहे. फक्त तो ‘बघू’च्या प्रदेशातला आहे. रेपो दर त्या प्रदेशात येत नाही.

राहता राहिलं ‘मानसशास्त्रज्ञाने’. मेहराबियन यांनी स्वतःच पुढे स्पष्ट लिहून ठेवलंय की ही सूत्रं भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्याच्या प्रयोगांतून आली आहेत, बोलणारा त्याबद्दल बोलत नसेल तर ती लागू होत नाहीत. ज्यांच्या नावावर हे खपवलं जातं त्यांनीच हात वर केलेत. गोल मात्र फिरतोच आहे, कारण गोल काढायला सोपा, आणि ‘शब्द निवडलेले, एकेकटे, विषय आपुलकीचा’ ही अट फळ्यावर मावत नाही.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे हे ५५ टक्के मी कुठे वापरायचे?”

आत आजीने त्याच्यासाठी कारल्याची भाजी केली होती. म्हटलं, “जेवायला बस. ती विचारेल, कशी झालीय.”