सारेगम घोकून घेण्याबद्दल : ताई, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "शहरातली मुलं अलंकार पाठ करून गाण्याच्या क्लासला बसतात आणि तुम्ही खेड्यातल्या मायबापांना सांगता, आधी काही शिकवू नका. आमची लेकरं मागंच राहू द्यायची का?" असं तुम्ही विचारलंय. (अलंकार म्हणजे सारेग, रेगम असे सुरांचे क्रमानं म्हणायचे नमुने.) तुमचा राग रास्त आहे. 'काही शिकवू नका' हे मी उतावीळपणे लिहिलं, ते मागे घेतो. पण सारेगम घोकून घ्या, असं मी म्हणणार नाही. ते मी करून बसलोय.

थोरल्याकडून महिनाभर घोकून घेतलं होतं. तालुक्याला गाण्याच्या क्लासच्या पहिल्या दिवशी त्यानं ते धडाधड म्हटलं, पाढे म्हणतात तसं, सगळं एकाच सुरात. गुरुजींनी पेटीची एक पट्टी दाबून धरली. म्हणाले, "नुसता आ कर बेटा, याच्यात मिसळ." पोट्टं माझ्या तोंडाकडे पाहत राहिलं. सातही नावं पाठ होती, सूर एकही कानात नव्हता. घरी येईपर्यंत एसटीत बोललं नाही. चूक माझी होती.

धाकटीच्या वेळी भुलाबाईचे, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाचे, दिवस होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज ओट्यावर गायच्या. मी पेटी घेऊन बाजूला बसलो आणि तिचा आवाज कुठं सुखानं बसतो ते शोधलं. काळी चार निघाली, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी तिचा सा. मी स्वतः काळी एकमध्ये गातो. माझ्या पट्टीत तिला खालचे सूर लागले नसते आणि एक सप्तक वर नेलं असतं तर गळा ताणावा लागला असता. मोबाईलवरच्या ट्रॅकचंही असंच, तो दुसऱ्याच्याच गळ्याला बेतलेला असतो.

लयीसाठी वेगळं काही केलं नाही. आमच्या अमरावतीकडे तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी गावोगावी आहे. भजनाला नेलं की आठ मात्रांवर टाळी धरायला सांगायचो.

तुमच्या लेकराला अलंकार येत असतील तर असू द्या, फक्त ते पेटीसोबत, त्याच्या पट्टीत म्हणवून घ्या. त्याआधी रोज पाच मिनिटं नुसता सा, ओरडून नाही, बोलतो तेवढ्याच आवाजात. आणि गुरुजींनी काही म्हणायला सांगितलं तर त्याला येतं ते गाणं म्हणू द्या. धाकटीनं भुलाबाईचंच म्हटलं. दुसऱ्या ओळीपासून गुरुजींनी पेटीवर साथ धरली.