तक्ते कमी करा, मुलांना काम द्या

इतिहास आणि मानवी भूगोलाच्या वर्गात साधनं कमी पडतात, ही तक्रार मला अर्धीच पटते. साधनं भरपूर असतात, पण बहुतेकांत सगळं आधीच करून ठेवलेलं असतं. छापील तक्ता, रंगवलेला नकाशा, तयार पीपीटी. मुलांनी फक्त बघायचं आणि वहीत उतरवायचं. साधन चांगलं की वाईट हे ठरवताना मी एवढंच बघतो की त्यात मुलांसाठी काही काम शिल्लक आहे का.

साधी कालरेषा घ्या. भिंतीवरच्या बहुतेक कालरेषांना प्रमाणच नसतं. दोन घटनांमध्ये हजार वर्षं असोत की दहा, चौकटी सारख्याच अंतरावर. त्यातून क्रम कळतो, काळ कळत नाही. कागदाच्या पट्ट्या जोडून १ सेंमी = १० वर्षं असं प्रमाण घेतलं तर ५००० वर्षं ५ मीटरमध्ये बसतात. अडचण शेवटी येते. अलीकडची २०० वर्षं २० सेंमीत येतात आणि चिठ्ठ्या एकमेकींवर चढतात. म्हणून तेवढ्या भागाचं प्रमाण गुपचूप वाढवलं जातं, आणि तिथेच कालरेषा खोटी होते. त्याऐवजी त्या २० सेंमीला लाल चौकट करा आणि खाली १ सेंमी = १ वर्ष अशी २ मीटरची वेगळी पट्टी लावा. शिवाय रेषेवर ० हे वर्ष लिहू नका. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. सीझरची हत्या इ.स.पू. ४४ मध्ये झाली, ऑगस्टसचा मृत्यू इ.स. १४ मध्ये. मुलं बेरीज करून ५८ वर्षं सांगतात. उत्तर ५७ आहे. हा एक वर्षाचा घोळ मुलांनाच शोधू द्या.

आता नकाशा. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली तेव्हाचा डॉक्टर जॉन स्नोचा नकाशा बऱ्याच ठिकाणी वापरतात, आणि बहुतेक वेळा वायाही घालवतात. शिक्षक आधीच सांगून टाकतात, ‘ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप दूषित होता.’ मग मुलांनी शोधायचं काय? नकाशाची प्रत काढताना पंपांच्या खुणा झाकून टाका. घरांपुढच्या आडव्या रेघा, म्हणजे मृत्यू, तेवढ्या राहू द्या. लहान झेरॉक्सवर त्या रेघा एकमेकींत मिसळून काळा ठिपका होतो, म्हणून मोठी प्रत काढून चार तुकडे करा. गटांनी आधी रेघा मोजायच्या. मग पारदर्शक शीटवर काढलेले पंप नकाशावर ठेवायचे. घरापासून पंपापर्यंत मुलं पट्टीने सरळ अंतर मोजतात, पण माणसं भिंतीतून चालत जात नाहीत. रस्त्यावर दोरा ठेवून अंतर मोजायला लावा. खुद्द स्नोनेही पुढच्या आवृत्तीत चालण्याचं अंतर धरून, ब्रॉड स्ट्रीटचा पंप ज्यांना सर्वांत जवळ होता त्या भागाची सीमारेषा आखली होती.

खरी मजा अपवादांत आहे. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार होते, कॉलऱ्याने एकही दगावला नाही. पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवायच्या जागेत, ५३५ जण होते, त्यांतले फक्त ५ गेले. ही माहिती दोन चिठ्ठ्यांवर लिहून शेवटची पंधरा मिनिटं उरली की द्या. दोन्ही ठिकाणी स्वतःची विहीर होती, हे मात्र मुलांनी विचारल्याशिवाय सांगू नका. आणि पाणी काढता येऊ नये म्हणून पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हेही लपवू नका. एका दांड्याने साथ थांबवली ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण इतिहास म्हणून कच्ची आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी फ्रेंच अभियंता शार्ल मिनारचा १८६९ चा आलेख घ्या, नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा. त्यात पट्टीची रुंदी म्हणजे सैनिकांची संख्या. मूळ प्रमाण १ मिमी = १०,००० माणसं. वर्गात रुंदी दुप्पट करा. निघताना ४,२२,००० म्हणजे ८४ मिमी रुंद पट्टी, मॉस्कोत १,००,००० म्हणजे २० मिमी, परतताना १०,००० म्हणजे २ मिमी. कात्रीने कापल्यावर आकडा हाताला कळतो. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, आलेखाखाली दिलेलं तापमान मुलं सेल्सिअस समजतात. ते रेओम्यूर या जुन्या मापात आहे, सव्वापट करावं लागतं. उणे ३० म्हणजे उणे ३७.५ सेल्सिअस. दुसरी, ‘थंडीने सैन्य संपलं’ असा झटपट निष्कर्ष. तापमानाची रेषा फक्त परतीच्या वाटेची आहे, आणि पट्टीची रुंदी तर जातानाच सगळ्यात जास्त घटलीय. काही तुकड्या वाटेत दुसरीकडे वळवल्या होत्या, त्या वजा करूनही प्रश्न उरतोच.

मानवी भूगोलात सगळ्यात जास्त चुकतो तो क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे आकड्यानुसार प्रत्येक प्रदेशाला फिका किंवा गडद रंग दिलेला नकाशा. त्यात थेट लोकसंख्या रंगवली की विरळ वस्तीचा मोठा प्रदेशही उगाच भरगच्च दिसतो. दर चौरस किमीला किती हे काढून मगच रंगवा. एकूण आकडेच दाखवायचे असतील तर टिंबं किंवा वर्तुळं वापरा. वर्तुळांतही फसगत आहे. लोकसंख्या चौपट म्हणून मुलं त्रिज्या चौपट करतात आणि क्षेत्रफळ सोळापट होतं. त्रिज्या दुप्पटच हवी. वर्गमूळ इथे कामाला येतं, गणिताच्या शिक्षकांनाही बरं वाटेल.

मग वीस प्रदेशांच्या घनतेचा एकच तक्ता दोन गटांना द्या. एकाने सारख्या अंतराचे पाच वर्ग करायचे, दुसऱ्याने प्रत्येक वर्गात चार-चार प्रदेश घ्यायचे. एक-दोन प्रदेश फार दाट असतील तर पहिल्या नकाशात तेवढेच गडद आणि बाकी सगळे फिके दिसतात. दुसऱ्यात गडद रंग पसरतो. दोन्ही नकाशे शेजारी लावा आणि प्रत्येक गटाला दुसऱ्याच्या नकाशाला मथळा द्यायला सांगा. तक्ता एकच होता, हे मथळे फळ्यावर लिहून झाल्यावरच सांगायचं.