जर्मनीत पुरुष, पासपोर्टवर स्त्री

मी जर्मनीत राहणारा ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मनोंदीत स्त्री, पण पुरुष म्हणून जगणारा. इथल्या नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे श्टांडेसआम्टच्या, दप्तरी मी पुरुष. भारतीय पासपोर्टवर स्त्री. आणि भारतातल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने आखलेल्या वाटेने जायचं ठरवलं, तर पहिला मुक्काम 'ट्रान्सजेंडर' अशा प्रमाणपत्राचा.

मायदेशात कागदावरचं लिंग कसं बदलायचं यावरून वाद पेटला की दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, "युरोपात बघा, नुसतं सांगितलं की झालं. आपल्याकडे हेलपाटे." दुसरा म्हणतो, "ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं, आपल्याकडे कशाला?" दोघांनाही तारखा दाखवाव्याशा वाटतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याचा निकाल दिला १५ एप्रिल २०१४ रोजी. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं अनैतिक व बेकायदा आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्या वेळी जर्मनीत १९८० चाच कायदा चालू होता. कोर्टात अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांचे अहवाल आणायचे आणि त्या अहवालांसाठी परक्या माणसासमोर बसून आपल्या आयुष्यातल्या अगदी खासगी गोष्टी सांगायच्या. शस्त्रक्रियेची सक्ती तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये काढली, पण अहवाल राहिलेच. ते गेले १ नोव्हेंबर २०२४ पासून, स्वनिर्णयाचा नवा कायदा लागू झाला तेव्हा. तत्त्वात दिल्ली बर्लिनच्या दहा वर्षं पुढे होती. त्यामुळे 'पाश्चात्त्य थेरं' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच न्यायालयाचा निकाल वाचावा.

पण पुढे काय झालं? २०१९ चा कायदा आला आणि त्याने दोन पायऱ्या केल्या. जिल्हाधिकाऱ्यांकडून 'ट्रान्सजेंडर' हे प्रमाणपत्र ही पहिली. 'पुरुष' किंवा 'स्त्री' म्हणवून घ्यायचं असेल तर शस्त्रक्रिया, वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि पुन्हा जिल्हाधिकारी. न्यायालयाने पुढच्या दाराने बाहेर काढलेली अट मागच्या दाराने आत आली, असं माझं मत आहे. या वादात डोळ्यांसमोर बहुतेक वेळा एकच प्रतिमा असते, तृतीयपंथी समाजाची. त्यांचे प्रश्न खरे आहेत, तातडीचेही आहेत. पण दाढी वाढवलेला, स्वतःला सरळ 'पुरुष' म्हणवणारा माझ्यासारखा माणूस त्या चित्रात बसत नाही, म्हणून कायद्यातही अवघडूनच बसतो.

नावाचं मात्र उलटं आहे. आपल्याकडे प्रतिज्ञापत्र करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, गॅझेट करा, नाव बदललं. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेल्या बायकांना हे तोंडपाठ असतं. का बदलताय, असं खोदून कोणी विचारत नाही. जर्मनीत आडनाव आवडत नाही एवढ्यावर ते बदलता येत नाही, सबळ कारण लागतं. तो नियम १९३८ च्या कायद्यातला आहे आणि अजून चालतो. 'तिकडे सगळं सोपं' म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की ते जरा गप्प होतात.

मी पुरुष असल्याची आणि नव्या नावाची घोषणा केली ती जर्मनीच्या नव्या कायद्याखाली. तीन महिने आधी कळवायचं, मग स्वतः हजर राहायचं. परदेशी नागरिकाला हे जमतं, पण एका वळशाने. जर्मन कायद्याचा मूळ नियम असा, की माणसाचं लिंग कोणतं हे तो ज्या देशाचा नागरिक त्या देशाच्या कायद्याने ठरतं. इथे रीतसर वास्तव्य असलेला माणूस बदलासाठी जर्मन कायदा निवडू शकतो. मी तो निवडला. टेबलापलीकडच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून नावाचं स्पेलिंग तपासायला सांगितलं आणि तिथे घोडं अडलं. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात माझं जुनं नाव आणि वडिलांचं नाव एकापाठोपाठ छापलेलं. त्यांच्या हिशेबाने ही दोन्ही माझीच पहिली नावं, म्हणजे मी अर्धा आधीपासूनच पुरुष होतो! आपल्याकडची नावाची रचना समजावून सांगण्यात घोषणेपेक्षा जास्त वेळ गेला. वडिलांचं नाव ठेवलं.

सही झाली आणि नोंद बदलली. मग निवासाचं कार्ड बदलून घ्यायला गेलो. अधिकाऱ्याने घोषणेचा कागद आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, दोन्हीकडे पाहिलं आणि सभ्यपणे सांगितलं, "पासपोर्टवर जे, तेच कार्डावर." त्यांचंही बरोबर आहे. कार्ड पासपोर्टचं बोट धरून चालतं आणि पासपोर्ट भारताचा आहे. विमानाचं तिकीट जुन्या नावाने, दारावरची पाटी नव्या.

इतकी वर्षं आपण भांडतो ते 'कोण ठरवणार' यावर: माणूस स्वतः, डॉक्टर की जिल्हाधिकारी. तो प्रश्न मोठाच आहे. पण ठरलेली गोष्ट पुढच्या कार्यालयाने मान्य करायची की नाही, हा प्रश्न माझ्या रोजच्या जगण्याला जास्त भिडतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही. युरोपातही तो आपोआप सुटलेला नाही. रोमानियात जन्मलेल्या एका ट्रान्स पुरुषाने ब्रिटनमध्ये नाव आणि लिंग कायदेशीर बदललं, पण रोमानियाने जन्मनोंद बदलायला नकार दिला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की एका सदस्य देशात झालेला बदल दुसऱ्याने मानलाच पाहिजे. हंगेरीने तर २०२० मध्ये असा बदलच बंद केला. अमेरिकेत एप्रिल २०२२ पासून पासपोर्टवर लिंगाच्या रकान्यात स्त्री-पुरुष यांऐवजी 'एक्स' मिळू लागला होता. जानेवारी २०२५ च्या आदेशाने जन्मवेळचं लिंगच लिहायचं असं ठरलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खटला चालू असेपर्यंत ते धोरण राबवायला मोकळीक दिली. परदेशाकडे बोट दाखवताना नेमकं कोणत्या वर्षाच्या परदेशाकडे, हेही सांगावं लागतं.

राहता राहिली फसवणुकीची भीती. "उद्या कोणीही उठून कागद बदलेल आणि पसार होईल." गॅझेटमध्ये रोज नावं बदलतात, त्याने कोणाचं कर्ज बुडत नाही, कारण पॅन क्रमांक तोच राहतो, आधारचे ठसे तेच राहतात, पासपोर्टची जुनी फाइल कार्यालयात असतेच. माणूस सापडतो तो यांवरून. लिंगाच्या रकान्यातल्या एका अक्षरावरून आजवर कोणता फरारी सापडला?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रमाणपत्राच्या अर्जासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं, त्यामुळे अंतराची सबब उरलेली नाही. अडचण पत्त्याची आहे. अर्ज राहत्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि वर्षानुवर्षं बाहेर राहणाऱ्याला राहता जिल्हाच नसतो. पण वकिलात आहे. तिथे पासपोर्टचं नूतनीकरण होतं, परदेशात जन्मलेल्या मुलांची नोंद होते, मुखत्यारपत्रावर शिक्का मिळतो. तिनेच आमचं प्रतिज्ञापत्र स्वीकारावं आणि शेवटच्या भारतीय पत्त्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावं. नियमांत तशी तरतूद केली तरी माझ्यासारख्यांचं निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं, म्हणजे 'पुरुष' म्हणवून घेण्यासाठीची शस्त्रक्रियेची अट, त्यासाठी मात्र संसदेतच भांडावं लागेल.