लेहरा बिघडवू नका

आज सकाळी आमच्या लूपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एक पोरगा निघून गेला. 'लेफ्ट' अशी करड्या अक्षरांतली एक ओळ, बस. वर कुणाचा तरी सुप्रभात, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. कुणाला पत्ताही लागला नाही.

परवा रात्री त्यानं एक प्रश्न टाकला होता. नवीन लूपर घेतलाय (पायानं दाबायचं पेडल, वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवतं), पेटीवर तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा एक फेरा, रेकॉर्ड करून फिरवत ठेवतो, तबला फोनच्या ॲपवर. पाच-सहा आवर्तनं बरी जातात, मग पेटी मागे मागे पडत जाते. काय चुकतंय?

याहून विषयाला धरून काही असू शकतं का? ग्रुप काढला कशासाठी आपण?

पहिलं उत्तर आलं, "ॲप कुठलं?" मला वाटलं, चला, सुरुवात झाली. तिथून फोन कुठला, मग चिनी फोन, मग देश, मग दोघांची निवडणुकीवरून जुंपली, मग एकाचे हात जोडलेले इमोजी, "राजकारण नको मंडळी", आणि त्या 'नको'वरच आणखी चाळीस मेसेज. मध्येच एकजण त्याची जुनी पेटी विकायला काढतो. मग मिसळ. पोरानं काल दुपारी पुन्हा विचारलं, "कुणी सांगू शकेल का प्लीज?" त्याला एक अंगठा मिळाला.

मी मिरजेचा. बारा-तेरा वर्षांचा असताना तबल्याच्या क्लासात माझं काम एकच, पेटीवर लेहरा धरायचा, म्हणजे तबलजीला आवर्तन कळत राहावं म्हणून एकच ओळ फिरवायची. राग चंद्रकंस, सोळा मात्रा, तेच ते, तेच ते. समोर एखादा दादा कायदा वाजवतोय, पलटे काढतोय, आणि मी अर्धा-पाऊण तास तेवढीच ओळ फिरवतोय. (आपल्याकडे लूप होताच की. फक्त तो माणूस वाजवायचा आणि त्याचे पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचे.) एका संध्याकाळी कंटाळून मी नवव्या मात्रेवर एक झकास मुरकी टाकली. मला फार आवडली, म्हणून पुढच्या आवर्तनात आणखी एक. दादाची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) संपवायचा तुकडा, समेच्या पुढे जाऊन आदळली. गुरुजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, कंटाळा आला तर पेटी बंद कर. लेहरा बिघडवू नकोस."

ग्रुपवर मला रोज तेच म्हणावंसं वाटतं. कंटाळा आलाय? फोन बाजूला ठेवा ना.

आता लगेच येतील, "अरे, माणसं आहोत, गप्पा होणारच." मान्य. कोविडमध्ये याच ग्रुपनं एकाच्या आईसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवून दिला, तेव्हा विषय कुठला असं कुणी विचारलं नाही, मीही नाही. पण सिलिंडर आणि सुप्रभात एकाच तराजूत घालू नका.

आणि मला सोवळंही नकोय. पेडलशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही, असं कोण म्हणतंय? अमेरिकन संगीतकार टेरी रायली घ्या. साठच्या दशकात हा माणूस दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकाच टेपचा फेरा करायचा. एकावर रेकॉर्ड झालेलं दुसऱ्यावर वाजणार आणि तिथून पुन्हा पहिल्यावर. टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर धावत असेल, तर दोन यंत्रांत एक मीटर अंतर म्हणजे पाचेक सेकंदांनी तुमचाच सूर परत येणार. तोच रायली 1970 पासून पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकायला लागला. घराणं किराणा! म्हणजे ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ आमच्या मिरजेत येऊन राहिले, तेच. हे बोलत रात्र जागवा, मी चहा करतो. दादासुद्धा दूर दूर जायचाच की, पण समेवर यायचा. आमची मंडळी जातात ती परत येतच नाहीत.

बघा, मीच किती लांब आलो. आणि सांगूनच टाकतो, मिसळीचा फोटो माझा होता. पोराचा प्रश्न वाचला होता, उत्तर येत होतं, 'नंतर निवांत लिहू' म्हटलं आणि तर्रीचा फोटो टाकला. नवव्या मात्रेवरची मुरकी. पंचेचाळिशी आली तरी खोड तीच.

तर उत्तर, उशिरा का होईना. पोरा, तू सुरुवात बरोबर करतोस, कारण पहिला सूर तुझ्याच हातात असतो. पण बंद करताना तू ॲपची सम ऐकतोस आणि मग पाय मारतोस. सेकंदाचा दहावा भाग जरी उशीर झाला तरी लूप तेवढा लांबला. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत दहा आवर्तनांत अख्खी मात्रा गेली. सम ऐकू नकोस, समेवर पाय पडू दे. पुढच्या आवर्तनाचा पहिला सूर वाजवतच पाय मार, हात आणि पाय एकदम. तेही जमत नसेल तर निदान सुरू करतानाही तेवढाच उशीर कर. दोन्हीकडे सारखा उशीर झाला की लांबी बरोबर येते. नाहीतर तबल्याचा ठेकाच पेटीबरोबर लूपमध्ये घे. मग चुकलास तर दोघं मिळून लंगडतील, पण एकमेकांना सोडून जाणार नाहीत.

कुणाकडे त्याचा नंबर असेल तर हे पाठवा. ग्रुपवर टाकू नका, केकखाली जाईल.

आणि पेटी विकणाऱ्या मित्रा, कितीला देतोयस? इनबॉक्समध्ये सांग.