बंदूक दिली की माकडं जातील?

सध्या दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘हिमाचलने माकडं मारायला परवानगी दिली, प्रश्न मिटला. आपल्या राज्य सरकारने मनात आणलं तर उद्या कोकणात बंदूक मिळेल आणि वर्षभरात माकडं-डुकरं साफ.’

राग खोटा नाही. माझ्याच आगरात यंदा माकडांनी कोवळे नारळ पिरगळून काढले, देठाकडून भोक पाडून पाणी प्यायले आणि खाली फेकले. माडाच्या बुंध्याशी सकाळी हिरवा सडा. पण त्या रागाचा हिशेब या मेसेजात पार चुकलाय.

आधी हिमाचल. तिथलं माकड ऱ्हीसस, आपलं टोपी माकड. तिथे 2016 मध्ये माकड ‘उपद्रवी’, म्हणजे मारायला मोकळं, जाहीर झालं खरं, पण लोकांनी फारशी बंदूक उचललीच नाही. मारुतीरायावर बार कोण काढणार? वनखात्याच्या मोजणीत 2004 ला सुमारे 3.17 लाख माकडं होती, 2015 ला सुमारे 2.07 लाख. म्हणजे लाखभर घट परवानगीच्या आधीची! नसबंदी मात्र 2006-07 पासून चालू होती. सगळं श्रेय तिचंच, असं मी म्हणत नाही; बंदुकीचं तर नक्कीच नाही.

‘राज्याने मनात आणलं तर’ हेही खरं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार कलम 62 खाली केंद्राचा. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कलम 11 खाली परवानगी देऊ शकतात, पण 2022 च्या दुरुस्तीनंतर टोपी माकड अनुसूची 1 मध्ये, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, गेलंय. तिथल्या प्राण्याने नुसतं पीक खाल्लं म्हणून त्याला मारता येत नाही. माणसाच्या जिवाला धोका असावा लागतो, नाहीतर प्राणीच बरा न होण्यासारखा जायबंदी वा आजारी. केरळची केंद्राशी जुंपलीय ती याच कलमांवरून.

डुकराची गोष्ट वेगळी. ते अनुसूची 2 मध्ये, आणि नुकसान करणारं डुक्कर मारायला परवानगी मिळण्याची सोय आपल्याकडे 2015 पासून आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो अर्ज कधी पाहिला असेल असं वाटत नाही. डुकरीण एका वेताला चार-सहा पिलं घालते. एखाददुसरं पाडून संख्या हलत नाही. पण दुधात आलेलं भात लोळवणारा कळप त्या रात्रीपुरता तरी पळतो. तेवढ्यासाठी बंदूक मलाही मान्य.

‘पूर्वी शिकार होती म्हणून डुकरं कमी होती’ हे निम्मं खरं. पूर्वी माळ्यावर डबा बडवत माणूसही जागा असायचा. तो आता नालासोपाऱ्याला, आणि त्याच्या खाचरात पुरुषभर रान. डुकराला दिवसा दडायला याहून बरी जागा कुठली? वर कुणीतरी फासकी लावतो, तीत अडकतो बिबट्या. डुकराची पिलं आणि माकडं फुकटात खाणारा तेवढाच एक गडी होता.

बाकी निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली 15 ऑक्टोबरला, भातकापणीच्या ऐन दिवसांत. बंदुकीची आश्वासनंही याच दिवसांत मिळतात.